दोन शब्दांची ढोली

एका जंगलात, बाळांनो, सिनेमा निघाला. जंगलात सिनेमा निघत नाही, असं तुमच्या पुस्तकात असेल. पुस्तक जुनं आहे.

सिनेमा महाराजांवर होता. महाराज म्हणजे सिंह. तरुणपणी त्यांनी रानकुत्र्यांची टोळी पळवून लावली होती, त्याची गोष्ट. दिग्दर्शक होते कोल्हेसाहेब. संवाद लिहायला शकू साळुंकीला बोलावलं, कारण ती दिवसभर फांदीवर बसून सगळ्यांचं बोलणं ऐकायची.

मोबदला ठरला सागाच्या शेंड्याजवळची ढोली. शकूचं घरटं खाली बोरीच्या झुडपात होतं. घरट्यात दोन पिल्लं होती आणि झुडपाखाली नुकतीच धामण राहायला आली होती. शकूला ती ढोली हवीच होती.

पहिला प्रसंग असा. तरुण सिंह लढाईला निघतो, आई निरोप देते. शकूनं आठ दिवस लिहिलं आणि आठ दिवस खोडलं. शेवटी कागदावर एवढंच उरलं :

आई : जेवून जा.

कोल्हेसाहेबांनी कागद उलटून पाहिला. "पुढचं कुठंय?"

"एवढंच आहे, साहेब. तिला 'जाऊ नकोस' म्हणायचंय. पण राजाची आई तसं कसं म्हणेल? म्हणून ती..."

"शकूताई, हे तुम्हाला कळलं. प्रेक्षकांना कोण सांगणार? घरोघरी जाणार आहात का? आणि दोन शब्दांना अख्खी ढोली दिली, तर उद्या रानकोंबडा आरवायचं झाड मागेल."

माझंच चुकलं असणार, असं शकूला वाटलं. तिला ते रोजच वाटायचं. अळी मऊ आहे ना, घरट्याची वीण घट्ट आहे ना, इथपासून सुरुवात व्हायची. तिनं तो कागद पिल्लांच्या अंगाखाली अंथरला आणि नव्यानं लिहायला बसली.

आता आई दुधाबद्दल बोलली, मातीबद्दल बोलली, पूर्वजांबद्दल बोलली. मग वाचनाची बैठक झाली. त्या जंगलात रीत होती, चारचौघांत बोलायचं तर आधी जमलेल्या मान्यवरांची नावं घ्यायची.

"आईनं आमचा उल्लेख टाळला," हत्ती म्हणाला.

"आम्ही संख्येनं थोडे, म्हणून वगळलं," साळिंदर म्हणालं.

शेवटी आईचा निरोप सुरू झाला तो असा : 'आदरणीय गजराज, साळिंदर समाजाचे ज्येष्ठ प्रतिनिधी, आणि प्रिय बाळा...' तीन पानं भरली. शकूनं प्रत्येक पानावर सही केली.

आईचं काम खुद्द राजमातांनी केलं, लेकाचं महाराजांनी. दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. कॅमेरा सुरू झाला. म्हाताऱ्या सिंहीणबाई समोर उभ्या लेकाकडे बघत राहिल्या. तीन पानं पार विसरल्या.

"जेवून जा," त्या म्हणाल्या.

सिनेमा लागला तेव्हा त्या जागी हत्तीसुद्धा रडला. महाराजांनी डोळे पुसत विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

शकूनं चोच उघडली. पण तो कागद पिल्लांखाली होता, आणि पिल्लांखालच्या कागदाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"कुणीच नाही, महाराज," कोल्हेसाहेब म्हणाले. "राजमातांना आतून सुचलं. लेखिकेनं लिहिलेली तीन पानं माझ्याकडे आहेत. सहीसकट."

ढोली राजमातांना मिळाली. त्यांना झाडावर चढता येत नाही, म्हणून ती रिकामीच आहे.

माझंच होतं का ते, शकूनं परतताना स्वतःला विचारलं. सगळ्याच आया तेच म्हणतात.

"आई, ढोली मिळाली?" धाकट्यानं विचारलं.

खाली पाचोळा सळसळला. शकू दोघांकडे बघत राहिली.

"जेवलात का?" ती म्हणाली.

धाकटा पुन्हा विचारणार होता. थोरल्यानं त्याला पंखानं जवळ ओढलं आणि गप्प केलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तात्पर्य : संवाद नेहमी लांबलचक लिहावेत. थोडक्यात लिहिले तर ते आईचं बोलणं वाटतं, आणि आईच्या बोलण्याबद्दल मिळेल अशी ढोली अजून कुठल्याच झाडाला पडलेली नाही.