‘नाही’ सोडलं, घर धरलं

नवस करायचा म्हणजे काहीतरी सोडावं लागतं, आणि माझी पंचाईत अशी झाली, की माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. थोरलीचं लग्न जमावं म्हणून साखर सोडली. धाकटीला नोकरी लागावी म्हणून दुपारची झोप सोडली. यांच्या चष्म्याच्या दुकानासमोरचा खड्डा बुजावा म्हणून चहा सोडला. (खड्डा अजून आहे, म्हणून चहाही सुटलेलाच आहे. यात देवाची काही चूक नाही. रस्ते त्याच्या खात्यात येत नाहीत.)

“आता मलाच सोड,” हे म्हणाले.

“देवाला आवडती वस्तू सोडलेली लागते,” मी म्हणाले.

यावर खूश व्हावं की वाईट वाटून घ्यावं, हे ठरवत हे बराच वेळ बसून राहिले.

आणि नवसही लहानसहान नव्हता. मला घर हवं होतं. म्हणजे घर होतं. पण त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली, की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि त्यावरचा सांडपाण्याचा पाइप. सगळा संसार मी त्या पाइपाच्या साक्षीनं केला. वरच्या मजल्यावर कोण कधी आंघोळ करतं, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा आधी कळायचं. भांडी घासताना वर पाहिलं तर आभाळ दिसावं, एवढंच मागणं होतं माझं. मुली मार्गी लागल्या, दुकानही बरं चाललं, तेव्हा हेच एक दिवस म्हणाले, “चल, तुझ्या आभाळाची चौकशी करू.”

एजंट आम्हाला घेऊन गेला ती वस्ती शहराबाहेर टेकडीच्या कडेला होती. काय सांगू! रस्ते इतके स्वच्छ, की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. दुतर्फा झाडं, प्रत्येक बंगल्याला कातरलेलं कुंपण, आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते म्हणजे समोरून येणारं प्रत्येक माणूस आमच्याकडे बघून हसत होतं. आमच्या गल्लीत ओळखीचं माणूस हसलं तरी आपण आधी साडी नीट आहे का ते बघतो. इथली कुत्रीसुद्धा एकेकटी, पाळी लावून भुंकत होती.

आणि ते घर! बैठं, कौलारू, पायरीवर ऊन पसरलेलं. मी थेट स्वयंपाकघरात गेले. ओट्यासमोर हे भलं मोठं तावदान. बाहेर एक जुनं झाड, आणि झाडाच्या वर आभाळ, भरपूर, कुठेही पाइप नसलेलं. मी नळ सोडला, पाण्याखाली हात धरले आणि वर पाहिलं. डोळे भरून आले. एजंट घाबरून म्हणाला, “पाणी गरम आलं का?”

परत आले ती तडक देवासमोर बसले. काय सोडू, काय सोडू, असा विचार करता करता उत्तर सापडलं. आयुष्यभर सगळ्यात जास्त काय खाल्लं असेल, तर बोलणी; आणि सगळ्यात जास्त काय वाढलं असेल, तर ‘नाही’! मुलींना नाही, भाजीवाल्याला नाही, यांना तर उठता-बसता नाही. म्हटलं, देवा, त्या घराची किल्ली हातात पडेपर्यंत ‘नाही’ हा शब्द सोडला.

“आणि ‘नको’?” यांनी विचारलं.

“तोही सोडला. ‘नको’, ‘नव्हे’, ते सगळं गोत्रच.”

यांचा चेहरा असा उजळला, की लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. “मग जरा तिसरा कप चहा टाकतेस?”

टाकला. दुसरं काय करणार?

घर विकणाऱ्या बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. एकटीला घराचं सगळं आवरेनासं झालं, म्हणून त्याच वस्तीत पलीकडच्या रस्त्यावर बहिणीकडे राहायला जायचं ठरवलेलं. त्यांनी आम्हाला भेटीला बोलावलं. यांनी आत शिरताच त्यांचा चष्मा पाहिला आणि माझ्या कानात पुटपुटले, “दुहेरी भिंग. वरून आरोपी बघायचा, खालून पुरावा.”

“मी घर कुणालाही देत नसते,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “थोडे प्रश्न विचारीन. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. झाड तोडणार?”

‘नाही’ची गरज पडली ती पहिल्याच प्रश्नाला!

“झाड तिथेच राहील,” मी म्हणाले.

“हो की नाही?”

“झाडाच्या आधी मी जाईन,” मी म्हणाले. बाईंनी वरच्या भिंगातून माझ्याकडे पाहिलं; पण पुढे सरकल्या. सोफ्यावर एक पिवळा बोका पसरला होता, एखाद्या लोडासारखा. “हा म्हातारा झालाय. बहिणीकडे दोनदा नेला, दोनदा चालत परत आला. याला इथेच सांभाळाल?”

मला मांजराची भीती वाटते. लहानपणापासून. पण सांगते कुणाला?

“हो,” मी म्हणाले. बोक्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि मिटला.

“आणि याला भेटायला मी अधूनमधून आले तर?”

“हो! रोज या.” हे मात्र मनापासून.

बाई जराशा हसल्या. माझ्या मनात मी ओट्यावर डबेसुद्धा मांडून टाकले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “उद्या एक डॉक्टर जोडपं येतंय. त्यांना घर दाखवलं, तर तुमची काही हरकत नाही ना?”

आता मला सांगा, याला काय उत्तर द्यायचं? ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. मी घाईघाईनं म्हणाले, “हो!”

“हो? म्हणजे हरकत आहे?”

“हो... म्हणजे... हो, दाखवा की!”

“दाखवू, पण हरकत आहे.”

“अहो, तिच्या म्हणण्याचा अर्थ असा...” हे मध्ये पडले.

“साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू नका,” न्यायाधीशबाई कडाडल्या. हे गपकन बसले. (तीस वर्षं मला जे जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात केलं. मला त्या क्षणापासून त्यांच्याबद्दल भक्तीच वाटू लागली.) “माझं घर मी कुणाला दाखवायचं, हे मी ठरवीन. या आता.”

घरी येऊन हे खुर्चीत बसले. मग म्हणाले, “अगं, एकदा, फक्त एकदा ‘नाही’ म्हणाली असतीस, तर देव काय कोर्टात गेला असता?”

मला रडू आलं; पण नवस मोडून मिळालेल्या खिडकीतून आभाळ कसं दिसणार? उलट तेच आपल्याकडे बघत राहणार.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. न्यायाधीशबाईच! आवाज मऊ होता. “काल मी जरा जास्तच बोलले. तुम्हाला राग तर आला नाही ना?”

“हो हो!” मी आनंदानं ओरडले.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

हे दाढी करत होते. अर्ध्या फेसासकट बाहेर आले. “राग आलाय म्हणालीस?”

मी पायात चप्पल सरकवली आणि निघाले.

बाई अंगणात कुंपण कातरत होत्या. “या. आज काय, हरकत की राग?”

“मी एक शब्द सोडलाय,” मी धापा टाकत म्हणाले. “नवसानं. या घरासाठी.”

“कोणता शब्द?”

घ्या! तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी जोरजोरात मान हलवून दाखवली.

“मान दुखतेय?”

“हो! म्हणजे मान छान आहे. तो शब्द... तो... ‘हो’ची सवत!”

बाईंची कात्री थांबली. वरचं भिंग झालं, खालचं झालं. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “आणि ती हरकत?”

“हवेत विरली.”

“राग?”

“आलाच तर स्वतःचा.”

“तुम्हाला मांजर आवडतं?”

आता ‘हो’ म्हटलं तर खोटं, आणि खरं सांगायला शब्द नाही. “भीती वाटते,” मी म्हणाले. मनात म्हटलं, संपलं. डबे खाली उतरवा.

“मग सांभाळेन म्हणालात ते?”

“म्हटलंय ना? मग सांभाळेन. भीत भीत सांभाळेन.”

बाई पायरीवर बसल्या आणि कौलं हलतील अशा हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “डॉक्टर येऊन गेले. माझी अपेक्षा होती त्याहून जास्त द्यायला तयार आहेत. बोक्याची एका उत्तम संस्थेत सोय करतो म्हणाले. फार गोड बोलले.” बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या बोक्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. “शपथ घेऊन खोटं बोलणारे मी जन्मभर पाहिले. शपथ पाळता पाळता खरं बोलून स्वतःची केस बुडवणारी साक्षीदार पहिल्यांदाच पाहिली. घर तुमचं.”

मी त्यांना वाकून नमस्कार केला. बोका बाजूलाच उभा होता. त्याला वाटलं, त्यालाच केला. तेव्हापासून त्याचं वागणं बदललं ते बदललंच.

यथावकाश किल्ली हातात पडली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “आता नवस फिटला. मोकळेपणानं सांगा. बोक्याची काही अडचण नाही ना?”

“हो!” मी म्हणाले. सवय!

आता इथे राहायला येऊन आम्ही चांगले रुळलो आहोत. वस्ती लांबून दिसली त्याहून जवळून चांगली आहे. पहिल्याच दिवशी शेजारच्या आजोबांनी आमच्या दाराची कुरकुर आपणहून तेल घालून घालवली. न्यायाधीशबाई रोज येतात; बोक्याला भेटायला येते म्हणतात, पण गप्पा माझ्याशी मारतात. संध्याकाळी रस्त्यावर मीसुद्धा अनोळखी माणसांकडे बघून हसते.

राहता राहिली खिडकी. म्हातारपणी उन्हाला बसायला बोक्याला घरातली एकच जागा पसंत आहे. भांडी घासताना मी वर बघते, तेव्हा मला काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी पाठ दिसते. आभाळ तिच्या पलीकडे असणारच, अशी माझी श्रद्धा आहे.

काल धीर करून, साचलेले सगळे ‘नाही’ एकदम काढून मी त्याच्यावर ओरडले, “नाही! नाही! इथे बसायचं नाही!”

तो हललासुद्धा नाही.

“उगाच घसा कोरडा करू नकोस,” आतून हे म्हणाले. “त्यानं ‘हो’ सोडलेलं दिसतंय.”