गंज भिजू नये म्हणून

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मुख्य फरक असा, की इतर प्राणी चालू असलेल्या गोष्टीला हात लावत नाहीत. माणूस लावतो, आणि त्यालाच प्रगती म्हणतात. आमच्या कॅन्ससमधल्या हार्लन फोर्क गावात ही प्रगती दर शनिवारी नाश्त्यानंतर सुरू होते आणि गॅरेजचं दार वर करून सर्वांना बघण्यासाठी खुली ठेवली जाते. ज्या घराच्या गॅरेजात गाडी मावते, त्या घरच्या पुरुषाबद्दल इथे दबक्या आवाजात बोलतात. गॅरेज हे गाडी ठेवण्यासाठी नसून गाडी खोलून ठेवण्यासाठी असतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझे समोरचे शेजारी लाइल प्रूइट हे या क्षेत्रातलं आदरणीय नाव. (पोटापाण्यासाठी ते एका विमा कंपनीत आहेत. गारपिटीने गाडीला पडलेले पोचे तपासायचे आणि ते आधीपासूनच होते हे सिद्ध करायचं, असं त्यांच्या कामाचं स्वरूप आहे.) त्यांनी आपल्या सासऱ्यांची पंचावन्न सालची पिकअप घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी पूर्ववतही केली आणि सुधारलीही. ती कशी, हे होतकरूंच्या मार्गदर्शनासाठी नमूद करतो.

सुरुवातीलाच एक मोठी अडचण होती. पिकअप चालू होती.

नुसती चालू नव्हे, ठणठणीत होती. सासरे एमेट व्हॉस हे गव्हाचे शेतकरी. खुब्याचं हाड मोडल्यावर त्यांनी शेत खंडाने दिलं आणि ते लेकीकडे, म्हणजे लाइलच्या बायकोकडे, नदीनकडे, मागच्या खोलीत राहायला आले. आले ते ही पिकअप स्वतः चालवत आले. हिरवीगार गाडी. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ खालून पत्रा खातं. म्हणून हा माणूस दर हिवाळ्यात गोठलेल्या अंगणात पाठीवर झोपून गाडीचं पोट कोमट पाण्याने धूत असे. शनिवारी जुन्या बनियनच्या फडक्याने मेण लावत असे. अख्ख्या आयुष्यात त्या पत्र्यावर नखाएवढाही गंज त्यांनी धरू दिला नव्हता. थोडक्यात, जावयाच्या हौसेला त्यांनी काही जागाच ठेवली नव्हती.

तरी एप्रिलात एमेटनी आपण होऊन ती जागा करून दिली.

"लाइल, ब्रेक जरा किरकिरतात रे. बघशील का?"

"बघतो की. घाई आहे का?"

"तशी आहे," एमेट म्हणाले. "ऑक्टोबरात माझा वाढदिवस. त्या दिवशी लायसन्स संपतं. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय, यंदा नवं मिळणं विसरा. त्याआधी एकदा शेतकरी सोसायटीच्या धान्याच्या गुदामापर्यंत जाऊन येईन म्हणतो. कॉफी प्यायची, माणसं भेटतील, परत यायचं. नदीनला शेजारी बसवीन. पण चालवणार मी."

आमच्याकडे रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलून रामराम करण्याची रीत आहे. (अख्खा हात हलवणारा बाहेरगावचा समजला जातो आणि त्याच्याकडे त्याच नजरेने बघतात.) एमेटना ते बोट शेवटचं उचलायचं होतं. मागणी एवढीच होती.

"एवढंच ना? एका शनिवारचं काम," लाइल म्हणाले.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती. ब्रेक बघायचा तर चाक काढावं लागतं. चाक काढलं की मडगार्डची आतली बाजू दिसते, आणि ती दिसल्यावर माणुसकी असलेला कोणीही मडगार्ड काढतोच. मडगार्ड गेलं की इंजिन उघडं पडतं. उघडं पडलेलं इंजिन तसंच ठेवणं शोभत नाही, म्हणून ते उतरवून आणि पुसून एका बाजूला ठेवावं लागतं. इंजिन नसलेल्या गाडीला केबिनचा काय उपयोग, या विचाराने केबिन निघते, आणि केबिनकडे बघून हौदा. अशा रीतीने मे महिनाअखेर गाडीचे ब्रेक सोडून बाकी सगळं काढून झालं होतं.

सुटे भाग कॉफीच्या रिकाम्या डब्यांत शिस्तवार वर्गवारी करून ठेवले होते. काही डब्यांवर "महत्त्वाचं" असं लिहिलं होतं, काहींवर "बहुतेक महत्त्वाचं", आणि उरलेल्यांवर "हे कुठलं?" तिसऱ्या वर्गाची वाढ समाधानकारक होती.

या कार्यात घरच्यांचं सहकार्य मोलाचं असतं. दारांच्या कड्या भांडी धुण्याच्या यंत्रात जातात, कार्ब्युरेटर ओव्हनमध्ये वाळतो, आणि त्यानंतरच्या केकला जो एक वेगळाच सुवास येतो त्याबद्दल पाहुणे काही बोलत नाहीत.

"लाइल, माझ्या बाथटबमध्ये काय पडलंय?" नदीनने एकदा वरून ओरडून विचारलं.

"मागचा ॲक्सल."

"मग अंघोळ कुठे करू मी?"

"अगं, अजून दोनच दिवस भिजायचाय तो!"

गॅरेज भरल्यामुळे नदीनची छोटी गाडी बाहेर उभी राहू लागली. जूनच्या गारपिटीने तिच्या टपाची चाळण केली. लाइलनी रीतसर पाहणी करून पोचे आधीपासूनच होते असा निर्णय दिला. तो आठवडाभर ते गॅरेजातच झोपत होते.

अशा कामाला तज्ज्ञांची समिती लागते. ती घडीच्या खुर्च्या आणि बिअरचा बर्फाचा डबा घेऊन दर शनिवारी हजर असे. पानसुद्धा तिच्या सल्ल्याशिवाय हलत नसे. पाना तर नाहीच. (एका पाहणीनुसार एकूण श्रमांपैकी चाळीस टक्के अर्ध्या इंचाचा पाना शोधण्यात जातात, पस्तीस टक्के तो कुणी नेला या चर्चेत, आणि वीस टक्के थंड बिअर काढण्यात. उरलेल्या पाच टक्क्यांत पाना सापडतो. तो खिशातच असतो. ही पाहणी मी केली आहे. डावीकडून दुसरी खुर्ची माझी.)

एमेट रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन दारात येत.

"ब्रेक कसे आहेत?"

"एकदम झकास, एमेट. आता फक्त गाडी जोडायची."

जुलैत सुधारणेचा टप्पा सुरू झाला. सुधारणेचं तत्त्व सोपं आहे. गाडी बाहेरून जितकी जुनी दिसायला हवी, आतून तितकीच नवी हवी. तेव्हा जुन्या इंजिनाच्या जागी नवं, दांडपट्ट्यासारखं फिरणारं इंजिन आलं. आपोआप बदलणारे गिअर आले, त्यामुळे क्लच गेला. बटण आलं, त्यामुळे किल्ली गेली. गार हवा आली, त्यामुळे काच खाली करायचा दांडा गेला. अस्सल जुनी राहिली ती बाहेरची कातडी, तिच्यावरचा तो हिरवा रंग आणि त्या रंगावरचं मेण.

आणि नेमका तिथेच दोष निघाला. समितीचे ज्येष्ठ सदस्य गार्थ यांनी तो काढला. खुर्चीतून उठून (ही घटना दुर्मीळ म्हणून नोंदवतो) त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मान हलवली.

"लाइल, राग मानू नकोस. पण गाडी फार नीटनेटकी आहे. हिने कधी काम केलंय असं वाटतच नाही."

"म्हणजे?"

"गंज कुठाय? काळाची कळा कुठाय? सप्टेंबरात जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला नेणार असशील तर परीक्षक ढुंकून बघणार नाहीत. आज सगळं जग गंज बघायला येतं. तुझ्या सासऱ्याने सगळा घोटाळा करून ठेवलाय बघ."

समितीने दोष एकमताने मान्य केला. पुढचे दोन शनिवार लाइल पॉलिश पेपरने हिरवा रंग घासत होते. रंग सहजी सुटेना. मेण आड येत होतं. मग उघड्या पत्र्यावर व्हिनेगर आणि मीठ शिंपडलं. दोन दिवसांत तांबूस, तपकिरी, अत्यंत उच्च दर्जाचा गंज फुलून आला. त्यावर पारदर्शक वॉर्निशचे हात दिले, म्हणजे गंज आहे तसा कायम राहावा. शेवटी दारावर पांढऱ्या रंगाने अक्षरं काढून अर्धी पुसली: "ओल्डफील्ड आणि मुलगे, पेंड व बियाणे."

एमेट कॉफीचा मग घेऊन आले आणि दारातच थांबले. बराच वेळ त्यांना गाडी ओळखू आली नसावी. मग ते जवळ गेले आणि त्यांनी मडगार्डवर तळहात ठेवला.

"हे काय झालंय हिला?"

"केलंय, एमेट! हाताने केलंय सगळं. बघा तरी, जणू साठ वर्षं शेतात पडून होती."

"पण ती पडून नव्हती."

"तेच तर. ते कुणाला कळणारसुद्धा नाही!"

एमेटनी दारावरची अक्षरं डोळे बारीक करून वाचली. "हे ओल्डफील्ड कोण?"

"कुणी नाही. असंच, इतिहास म्हणून."

"मग माझ्या दारावर काय करताहेत?"

समिती एकदिलाने अर्ध्या इंचाचा पाना शोधू लागली. एमेटनी तळहात पँटला पुसला. मग हळूच विचारलं, "ब्रेक झाले का?"

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पण डब्यात अजून बिअर होती.

सप्टेंबरात पिकअप जिल्ह्याच्या जत्रेला गेली. ती चालत गेली नाही. अशा गाड्या चालवत नेत नाहीत. ट्रेलरवर चढवून, ताडपत्री घालून, दुसऱ्या पिकअपने ओढत नेतात. स्पर्धेत "जशी सापडली तशी" या नावाचा मानाचा गट असतो. (बॉनेट उघडायला सांगायचं नाही, असा या गटात सभ्य संकेत आहे.) मुख्य परीक्षक गंजावरून बोटं फिरवता फिरवता हळवे झाले.

"याला म्हणतात खरं आयुष्य. हा रंग पैसे देऊन मिळत नाही. मूळ मालक कोण होता?"

एमेट दोन पावलांवर उभे होते. जत्रेसाठी नदीनने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. लाइलनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मेजावरच्या चषकाकडे पाहिलं.

"माहीत नाही, साहेब. कुणीतरी शेतकरी. ओढ्याकाठी झाडीत टाकून दिलेली सापडली."

"तरीच!" परीक्षक म्हणाले. "असल्या बेफिकीर माणसांचे आपण आभारच मानले पाहिजेत. त्याने हिच्यावर कधी पाण्याचा तांब्यासुद्धा ओतला नाही, म्हणून आज हे सौंदर्य बघायला मिळतंय. त्या अनामिक आळशासाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. सगळे वाजवतात म्हणून एमेटनीही वाजवल्या. जुन्या वळणाचा माणूस आहे. नदीनने मात्र हाताची घडी सोडली नाही.

"डॅड, तुम्ही बोलला का नाहीत?" परतताना तिने विचारलं.

"जावयाला बक्षीस मिळत होतं, पोरी. आणि गाडी कुठे पळून जातेय? वाढदिवस आहे ना अजून."

वाढदिवस आला. एमेट सकाळी सातलाच दाढी करून, टोपी घालून गॅरेजात उभे राहिले. बाहेर पाऊस पडत होता. मोठा नव्हता, गव्हाच्या पेरणीला चांगला, असा भुरभुर पाऊस.

लाइलचा चेहरा पडला. ते मनाने वाईट नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. "एमेट, आज नाही जमायचं हो. गंज भिजेल."

"काय भिजेल?"

"गंज. वॉर्निशला कुठे चीर असली आणि आत पाणी गेलं तर खरा गंज धरेल. मग सगळा गंज खराब होईल. राज्याच्या स्पर्धेला जायचंय हो पुढच्या महिन्यात."

"लाइल," नदीन म्हणाली, "त्यांना किल्ली दे."

"किल्लीच नाहीये गं. बटण आहे."

यातून एक सन्मान्य तोडगा काढण्यात आला. गॅरेजचं दार बंद ठेवून एमेटना गाडीत बसू देण्यात आलं. ते बसले. डावा पाय पुढे करून त्यांनी क्लच शोधला. पाय गालिच्यावर टेकला. उजव्या हाताने गिअरचा दांडा शोधला. तिथे पडदा होता, त्यावर बाहेरचं तापमान दिसत होतं. मग त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे, जिथे पाने टांगलेले असतात तिथे, बघत राहिले.

"ब्रेक बघ, एमेट," गार्थ उत्साहाने म्हणाले. "दाब जरा!"

एमेटनी दाबला. ब्रेक अजिबात किरकिरला नाही.

दुपारी नदीनने त्यांना आपल्या पोचे पडलेल्या गाडीतून लायसन्सच्या कचेरीत नेलं. त्यांनी लायसन्स खिडकीत सरकवलं आणि बदल्यात नुसतं ओळखपत्र घेतलं. येताना तिने मुद्दाम गुदामावरून गाडी घेतली. एमेट शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत, असं ती म्हणाली.

पिकअप राज्यात दुसरी आली. पहिली आली ती गाडी खरोखरच ओढ्याकाठी सापडली होती, अशी कुजबुज आहे; हे स्पर्धेच्या नियमांत बसतं का, यावर समितीत अजून वाद चालू आहे.

ही हकिकत मी पुष्कळ जणांना सांगितली आहे. ऐकून सगळेच चुकचुकतात, बिचारा म्हातारा म्हणतात. मग घसा खाकरून, उगीच आपलं विचारायचं म्हणून विचारतात, की व्हिनेगर कुठलं वापरलं होतं. तुम्ही तसल्यातले नाही, हे मला ठाऊक आहे. साधं पांढरं, स्वैपाकातलं चालतं. मीठ मात्र जाडं घ्या.