रस्त्यापलीकडची जोखीम

दक्षता कार्यालयाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडण्यासाठी पांढरे पट्टे मारलेले होते. प्रत्येक पट्टा दोन्ही टोकांना पांढराशुभ्र होता. मधला हातभर भाग मात्र झिजून डांबराच्या रंगाचा झाला होता. इतकी झीज एका रेषेत व्हायला तीच ती माणसं, त्याच त्या दाराकडे, वर्षानुवर्षं जायला हवीत. विश्लेषण विभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे अख्ख्या कार्यालयाच्या आकडेबाईंनी, ही नोंद मनात केली. पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला झीज दिसतेच. निष्कर्ष मात्र त्यांनी काढला नाही, कारण त्या सकाळी त्यांना मॉडेल सादर करायचं होतं.

सगळ्या सरकारी कचेऱ्यांवर नजर ठेवणं हे दक्षता कार्यालयाचं काम. आधी कुठे तपासणी करायची हे आजवर ज्येष्ठ निरीक्षकांच्या मनावर असे. यापुढे ते विज्ञानावर असणार होतं. आकडेबाईंनी आजवरचे सगळे तपासणी अहवाल संगणकाला भरवले. गैरप्रकार कुठे सापडतात हे संगणक शिकला आणि त्यानं प्रत्येक कचेरीला जोखमीचे गुण दिले. धरणं, बंदरं, रस्ते बांधणारी खाती धुतल्या तांदळासारखी निघाली. सर्वाधिक जोखमीची संस्था ठरली ती समोरचं सार्वजनिक वाचनालय. शंभरपैकी चौऱ्याण्णव.

कारण आकडेबाईंना आठवड्याच्या आत कळलं. कार्यालयाच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. पेट्रोलच्या मंजुरीचा प्रस्ताव संशयास्पद वाटल्यानं कार्यालयानं स्वतःच तो अडवून ठेवला होता. त्यामुळे निरीक्षक पाय नेतील तिथे जात, आणि पाय समोर जात. तिथे पंखे होते. गेल्यासारखं काहीतरी सापडायला हवं, म्हणून सापडे. बाईंनी जोखीम आणि कार्यालयापासूनचं अंतर यांचा आलेख काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी आली नव्हती इतकी सुरेख वक्ररेषा आली. त्यांनी ती कौतुकानं पाहिली आणि पर्समध्ये ठेवून दिली, कारण तेवढ्यात मुख्य निरीक्षक साहेब पाठ थोपटायला आले.

"बाई, मॉडेल बरोबर आहे हे कसं कळणार?"

"प्रत्यक्ष तपासणी करून, साहेब."

"मग करूनच टाकू."

निरीक्षक रस्ता ओलांडून गेले. एक खुर्ची कमी भरली. मॉडेल खरं ठरलं, गुण वाढले, म्हणून पुन्हा गेले. तोवर खुर्ची सुताराकडून परत आली होती, त्यामुळे एक खुर्ची जास्त भरली. गुण आणखी वाढले. तिसऱ्या खेपेला अहवालात नमूद झालं : 'भर दुपारी काही इसम कोणतेही काम न करता पुस्तकाकडे एकटक पाहत बसलेले आढळले. पैकी एका वयस्क इसमाने विचारणा केली असता, हळू बोला, इथे लोक वाचतात, असे उद्धट उत्तर दिले.'

"इसम घरी आलेत," संध्याकाळी चपला काढत बाबा म्हणाले.

बाबा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. आई गेल्यापासून त्यांचा दिवस त्या वाचनालयातच उजाडे आणि तिथेच मावळे.

"ग्रंथपाल बाई बिचारी दिवसभर तुमच्या लोकांना खुलासे लिहून देत बसते. आज पुस्तक मागितलं तर म्हणाली, काका, ते पुरावा म्हणून नेलंय. बोललीस का साहेबांशी?"

"अजून माहिती गोळा करतेय, बाबा."

"किती झाली म्हणजे बोलशील?"

"पुरेशी."

बाबांनी हात पुढे केला. त्यांना मुलगी कळत होती. बाईंनी पर्समधून आलेख काढून दिला. बाबांनी चष्मा सारखा केला, पेन्सिल घेतली आणि ती सुरेख रेघ डावीकडे वाढवत थेट अक्षाला भिडवली.

"इथे अंतर शून्य आणि जोखीम सगळ्यात जास्त. इथे कोण बसतं?"

"तो भाग मॉडेलच्या कक्षेबाहेर आहे," बाई बैठकीतल्या आवाजात म्हणाल्या.

"माझ्या वर्गात हे उत्तर दिलं असतंस ना, तर अंगठे धरून उभी केली असती."

दुसऱ्या दिवशी बोलायचंच असं ठरवून त्या गेल्या, तर मॉडेलला उत्कृष्टतेचं मानपत्र मिळालं होतं. मानपत्र हातात असताना बोलणं बरं दिसलं नसतं. पुढच्या आठवड्यात त्यांना स्वतंत्र खोली आणि भिंतभर पडदा मिळाला. पडद्यावर वाचनालय लाल ठिपका होऊन लुकलुकत असे. बाईंना खिडकीतून ते तसंही दिसे, पण खिडकीत ते लुकलुकत नसे.

मग निरीक्षकांचं पथक वाचनालयातच कायमचं बसवण्यात आलं. खुर्च्या त्यांना लागल्या, तेव्हा वाचक उभे राहिले आणि हळूहळू यायचे थांबले. वाचक घटल्याची गंभीर नोंद झाली. गुण एकशे चारवर गेले. शंभरपैकी एकशे चार होत नाहीत, हे आकडेबाईंनी नम्रपणे निदर्शनास आणलं. साहेबांनी विशेष बाब म्हणून मंजुरी दिली.

बाबा आता घरीच असत. पाठमोरे, खिडकीशी.

अखेर वाचनालय कायमचं बंद करण्याचा प्रस्ताव बैठकीत आला. ग्रंथपाल बाईंना निर्णय ऐकण्यापुरतं बोलावलं होतं. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन त्या दाराजवळ बसल्या.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

हरकत निघाली ती ज्येष्ठ निरीक्षकांची. "साहेब, बंद केलं तर आम्ही तपासणी कुठे करायची?"

"यादीत पुढचं नाव बघा की."

"गुरांचा दवाखाना," निरीक्षक पडेल चेहऱ्यानं म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत चालावं लागतं. उन्हात."

कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहू लागले. साहेब, निरीक्षक, लेखापाल, दारातला शिपाईसुद्धा. त्या नजरा पाहून आकडेबाईंना उमगलं, की आपण इतके महिने पर्समध्ये जपलेलं गुपित या खोलीत एकालाही नवं नव्हतं. ते झिजलेले पट्टे सगळेच रोज ओलांडत होते. सगळे मूग गिळून बसले होते, आणि त्यांच्या मुगाला शास्त्रीय आधार पुरवायचं काम बाईंनी चोख केलं होतं. एव्हाना हे सारं वाचणाऱ्यालाही केव्हाच कळून चुकलेलं आहे, आणि तोही अजून काही बोललेला नाही.

"आकडेबाई, तुमचं मॉडेल काय म्हणतं?"

बाई उभ्या राहिल्या. ग्रंथपाल बाईंच्या मांडीवर किल्ल्या किणकिणल्या.

"साहेब, मॉडेल बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि गाडीत पेट्रोल भरा."