बर्फ किती हाय?

कुठल्याही सिनेमाचं नाव काढा, आमचे नरहरीमामा पहिला प्रश्न हाच विचारणार, "बर्फ किती हाय?" नट कोण, गोष्ट काय, मारामारी आहे की रडारड, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बर्फ भरपूर असेल तर मामा खुर्ची पुढे ओढतात. नसेल तर "मग त्यात बघायचं काय?" म्हणून तंबाखू मळायला घेतात.

मामा परभणीजवळच्या पेडगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. मी इथल्या शाळेत मास्तर. त्यांची थोडी तूर, थोडी ज्वारी, चार शेळ्या आणि घरात सिंधूमामी. लेकरूबाळ नाही. उभ्या जन्मात हा गृहस्थ नांदेडच्या पुढे गेलेला नाही. पण डिसेंबर उजाडला की नाताळच्या सिनेमांचा सगळा कारभार त्यांच्या हाती असतो. पंचवीस तारखेला शाळेला सुट्टी. दुपारची जेवणं उरकली की निम्मी आळी मामांच्या पुढच्या खोलीत, आणि टीव्हीवर त्या वर्षीचा एक नंबरचा सिनेमा. नाताळचाच का, तर मामांचं उत्तर तयार. "जगात जर्मनी अन् भारतात परभणी उगं म्हणतेत का? थंडी हाय आपल्याकडं. बर्फ तेवढा ऱ्हायलाय."

निवड समितीत ते आणि मी. माल पुरवणार परभणीचा मोबाईलवाला खालेद. एकदा तो बिचारा म्हणाला, "मामू, बहोत प्यारी कहानी है. मां-बेटी की."

"बर्फ?"

"आखिर में थोडा गिरता."

"तवर मी काय करू? ठेव तुझ्याकडंच." 

आता खालेद शहाणा झालाय. पेनड्राइव्ह हातात देतानाच सांगतो, "शुरू से आखिर तक बर्फ, मामू. बर्फ के सिवा कुछ हैच नहीं."

मार्क द्यायची मामांची रीतही जगावेगळी. माणसाचा कोट काळा किंवा लालच हवा. तपकिरी जेमतेम पास. नाताळबाबाला पैकीच्या पैकी, कारण "त्येचा लाल डगला कुठूनबी दिसतो." घरातले प्रसंग लांबले की मामा चिडायचे. "ही माणसं दिवाणखान्यात कामून बसलेत? भाईर जा म्हणावं."

आणि सिनेमा लागला की मामांचं तोंड सुरू. "आता बघा, काळ्या कोटवाला डावीकडून यायलाय. खांद्यावर झाड हाय. ती लाल टोपीवाली त्येला म्हणायली, येवढ्या थंडीत बिनमफलरचे कामून आलाव?" इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना मामांचं भाषांतर कधी अडलं नाही. तरणी पोरं वैतागायची. "मामा, आमाला डोळे हायत की!" मामा ढिम्म. उलट आणखी खुलासेवार सांगायचे.

मागच्या वर्षी मी एक सिनेमा सुचवला. बर्फात चुकलेला म्हातारा आणि त्याला शोधत येणारं पांढरं कुत्रं. शेवटी माझे डोळे भरून आले. मामांनी सरळ नापास केला.

"बर्फावर पांढरं कुत्रं! दिसणार कसं?"

"मला दिसलं की."

"तुमाला दिसलं वो." मामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला न्हाई दिसत, गुर्जी."

मामींचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं झाकोळले होते. घरात त्या इतक्या सराईतपणे वावरायच्या, चहाचा कप नेमका हातात द्यायच्या, की आळीत कुणाला पत्ता नव्हता. टीव्हीवर पांढरंशुभ्र काही असलं की त्यापुढे हलणारी काळी-तांबडी सावली त्यांना कळायची. एवढंच. "सावली तिची ती बघती, बाकीचं मी सांगतो," मामा म्हणाले. ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. मामींच्या थोरल्या बहिणीनं ऑपरेशन झाल्या झाल्या गोठ्यात शेण काढायला घेतलं आणि डोळा गमावला. तेव्हापासून मामींनी धसकाच घेतला होता. गावात बोभाटा नको म्हणून मामांना शपथही घातली होती.

माझा सिनेमा नापास झाल्याचं दुःख त्या क्षणी संपलं.

यंदा दिवाळीनंतर मामी आपण होऊनच म्हणाल्या, "चला, करू आप्रेशन. तुमी सांगता तेवढं समदं खरंच असतंय का, मला एकदा बघू द्या." इतकी वर्षं विनवण्या करून जे झालं नाही, ते मामांच्या थापांनी केलं. मामांचा आनंद गगनात मावेना. आणि दुसऱ्याच दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन मान खाली घालून बसले.

"गुर्जी, डोळा गेला तर तिचं वाटोळं. आला तर माझं."

मी हसलो. मामा हसले नाहीत. "लय लबाड बोललोय मी. अन् लबाडीचं जाऊ द्या. घरात दोघंच आमी. दिसायलं म्हणल्यावर ती माझं कामून ऐकल?" मला फार वाईट वाटलं.

पट्टी काढायच्या दिवशी मीही परभणीला गेलो. डॉक्टरांनी बोटं वर करून विचारलं, "किती दिसतात?" मामी बोटांकडे बघेचनात. त्या डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे दारात उभ्या मामांकडे बघत होत्या.

"आवो, सदऱ्याची गुंडी चुकलीय तुमची."

मामांनी दाराची चौकट धरली. डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मामांनी घाईघाईनं गुंड्या सोडल्या आणि पुन्हा चुकीच्याच लावल्या. परतीच्या वाटेवर मामी रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होत्या. मामा गुंड्या चाचपत होते.

पंचवीस तारीख आली. सिनेमा या खेपेला मामींनी निवडला. आजवरच्या सगळ्यांत त्यांचा लाडका, काळ्या कोटवाल्याचा. डोळ्याला काळा चष्मा लावून मामी टीव्हीपुढे ताठ बसल्या. मामा मागे दाराशी, वही तपासायला दिलेल्या पोरासारखे. तोंडातून एक शब्द नाही.

खरं सांगू? मामांच्या आवाजाविना तो सिनेमा अगदीच सामान्य निघाला. माणूस चालतो, थांबतो, बोलतो, पुन्हा चालतो. ज्या पोरांना मामांची बडबड नको असायची तीच जांभया द्यायला लागली. आम्ही याला एक नंबर दिला होता!

अर्ध्यावर मामींनी विचारलं, "आवो, त्येची आई कुठंय?"

"आई न्हाई त्यात," मामा पुटपुटले.

"दारात वाट बघत उभी ऱ्हाती ती?"

"न्हाई."

"मग भाकर कुणी केली?"

"भाकरबी न्हाई."

मामींनी रिमोट उचलला, चष्म्यापाशी नेऊन एकेक बटण न्याहाळलं आणि एक दाबलं. टीव्हीचा आवाज बंद झाला. मामा उठून बाहेर निघालेच होते.

"कुठं चाललाव? गोऱ्या माणसाचं मला काई कळंना. इथं पुढं येऊन बसा," मामी म्हणाल्या, "अन् आईपसून सांगा."

मामा येऊन बसले. "आई दारात उभी हाय," ते म्हणाले. "लुगडं लाल हाय. हाताला पीठ लागलंय. नजर वाटंकडं."

पडद्यावर नुसता बर्फ होता.

"हां," मामी म्हणाल्या, "आता दिसायली."