दोन रिंगा म्हणजे बरी

आमचे शेजारी गोपाळरावमामा फोन वाजला की उचलत नाहीत, मोजतात. डोळे मिटून, एक बोट वर करून. "गप! मोजतोय." दोन रिंगा वाजून फोन थांबला की म्हणतात, "सेरी, ठीक. बरी आहे."

बरी आहे ती बसने तासाभरावरच्या पापनाशमची अक्का, त्यांची थोरली बहीण. एकटीच राहते. रोज सकाळी सातला ती दोन रिंगा देऊन फोन ठेवते, मामा दोन परत देतात. तीन म्हणजे 'ताबडतोब निघ'. तीन कधी वाजल्याच नव्हत्या. त्यामुळे मामा दोन वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. "बरी आहे म्हटल्यावर जायचं कशाला?"

या सुरळीत कारभारात मी नाक खुपसलं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या जुन्या तारा बंद झाल्या, तेव्हा मामांचा फोन मीच इंटरनेटच्या डब्याला जोडला. "नंबर तोच, मामा. काही बदललं नाही!"

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. एक. दोन. तीन.

मामा माझ्या दारात. शर्टाची बटणं खालीवर. "चल! डबा तुझा, तूही चल!" बसमध्ये ते बोटांवर पुन्हापुन्हा तीन मोजत राहिले.

अक्का गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घालत होती. "अय्यो गोपाळा! कोण गेलं?"

"तूच! म्हणजे... तीन दिल्यास ना?"

"दोनच दिल्या. तुला मोजता येईना आता?"

मग दोघं माझ्याकडे वळली. मी समजावू लागलो: अक्काच्या कानात वाजते ती रिंग वेगळी, मामांकडे वाजते ती वेगळी, हिने फोन ठेवला तरी तिथे जरा उशिरा कळतं...

"म्हणजे मी दिली ती रिंग गेली कुठे?" अक्काने विचारलं.

 मला तो प्रश्नच नीट कळेना.

तिने जेवू घातलं. दुपारभर बहीणभाऊ गच्चीवर कावळे हाकत बोलत बसले. 'जायचं कशाला' म्हणणारे मामा थांबेचनात. शेवटच्या बसची आठवण मीच करून दिली.

आल्यावर मी डबाच बदलला. दहादा तपासलं: दोन दिल्या की दोनच वाजतात. ही खुशखबर द्यायला शनिवारी सकाळी मामांकडे गेलो, तर सातला फोन वाजला.

तीन.

मामांचं बोट वर नव्हतंच. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"तुझा डबा अजून बिघडलेलाच, रे," चपला घालत ते म्हणाले.

"हो मामा," मी म्हणालो. "तो काही दुरुस्त व्हायचा नाही."