सरांनी आ वासला

तोंडी परीक्षेचा एकोणिसावा विद्यार्थी बाहेर गेला आणि विसावी आत यायच्या आधी सरांनी एक जांभई दिली. दुपारचे तीन, पोटात जेवण, समोर ट्रेमध्ये मांडलेली हाडं. जांभई चांगली ऐसपैस आली. पण ती संपल्यावर तोंड काही मिटेना. दोन्ही कानांपाशी कट्ट झालं आणि खालचा जबडा पुढे येऊन जो अडकला तो अडकलाच.

काय झालंय ते सरांना तत्क्षणी कळलं. एकतीस वर्षं ते कॉलेजात सांधेच शिकवत होते. जबड्याचा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि ड्रॉवरसारखा पुढेही सरकतो, फार सरकला की उंचवट्यापलीकडे जाऊन बसतो, हे त्यांनी हजारो पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. तो परत कसा बसवायचा तेही सांगितलं होतं. फक्त स्वतः कधी बसवला नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेले सगळे सांधे वाळलेले होते आणि त्यांच्या मालकांची काही तक्रार नव्हती.

तेवढ्यात मुलगी समोर येऊन बसली. हिला सर ओळखत होते. दोनदा नापास झालेली, ही तिसरी आणि शेवटची खेप. आज गेली तर कॉलेज सुटणार. दोन्ही वेळा तिने पहिलं वाक्य उच्चारलं होतं, सरांनी "नक्की?" असं विचारलं होतं आणि तिची बोबडी वळली होती. बरोबर उत्तरालाही सर "नक्की?" विचारत. पोरं कच्ची राहू नयेत एवढाच त्यात हेतू.

मुलीने मान वर केली. सर आ वासून तिच्याकडे बघत होते.

"सुरू करू, सर?"

सरांनी हाताने थांब म्हटलं. तो हात हवेत जरा जास्त फिरला आणि तिला वाटलं, होऊ दे म्हणतायत.

"सांधे तीन प्रकारचे," ती म्हणाली आणि सवयीने थांबली. काहीच ऐकू आलं नाही. तिने कवटी उचलून शिवणीवरून बोट फिरवलं. "हे न हलणारे. मणक्यांमधले जरासे हलतात, मध्ये गादी असते. बाकीचे मोकळे."

चिठ्ठी लिहून मदत मागावी असं सरांच्या मनात आलं. पण लिहायचं काय? सांधे शिकवणाऱ्याचा सांधा निखळला? आणि तेही हिला? एवढ्या वर्षांची अब्रू होती. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, कारण लाळ गळायला लागली होती.

रुमाल बघून ती बिचकली. "काही चुकलं का?"

सरांनी कळ सोसून मान हलवली. नाही.

"कोपर बिजागरीसारखं, एकाच दिशेला. खांदा आणि खुबा वाटीत गोळा बसवल्यासारखे. खांद्याची वाटी उथळ, म्हणून तो लवकर निखळतो. मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, म्हणून आपल्याला नाही म्हणता येतं. तुम्ही आत्ता म्हणालात तसं."

बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला होता. हाडं तिच्या हातात आपोआप येत होती. सर दुखणं विसरून ऐकत होते. हिला सगळं येत होतं. मागच्या वेळीही येत असणार, आणि त्याच्या मागच्या वेळीही. सरांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. अशी आणखी किती पोरं या खुर्चीतून उठून गेली असतील, याचा त्यांना अंदाज करवेना.

"राहिला जबडा," ती म्हणाली आणि दाखवायला म्हणून सरांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग तिचा हात खाली आला. "सर, तुमचा निखळलाय का?"

सरांनी डोळे मिटून होकार दिला.

"अहो, मग सांगायचं नाही का एवढा वेळ?" म्हणून ती उठलीच. "आमच्या आजीचा महिन्यातून दोनदा निखळतो. तिच्या डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलंय. डोकं मागे भिंतीला टेका."

तिने टेबलावरचं फडकं फाडून दोन्ही अंगठ्यांना गुंडाळलं. ते फडकं कशाकशावरून फिरलंय हे सरांना माहीत होतं, पण सांगायची सोय नव्हती. अंगठे मागच्या दाढांवर बसले.

"सैल सोडा. माझ्याशी भांडू नका." खाली दाब, मग मागे. कट्ट झालं आणि तोंड मिटलं, तिच्या अंगठ्यांसकट.

"आजीपण चावते," ती अंगठे चोळत म्हणाली.

सरांचा जीव भांड्यात पडला. ते काहीतरी बोलायला गेले, तर तिने हनुवटीखाली हात धरला. "आज अजिबात बोलायचं नाही. परत निसटेल." मग आपण कुणाला दटावतोय ते आठवून ती खुर्चीत जाऊन बसली.

सरांनी गुणांचा कागद ओढला, आकडा लिहिला आणि नियमात बसत नसताना कागद तिच्याकडे फिरवला. तिने तो वाचला. मग बराच वेळ ती हाडं ट्रेमध्ये नीट लावत राहिली, कारण तिला वर बघवत नव्हतं.

ती गेल्यावर सरांनी हनुवटीवरून डोक्यावर रुमाल बांधला आणि घंटी वाजवली. वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा आत आला. पहिलं वाक्य बोलून तो थांबला आणि वाट बघत राहिला. सरांनी एक चिठ्ठी लिहून पुढे सरकवली: "सावकाश सांग. मी ऐकतोय."

मुलाने ती दोनदा वाचली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर," तो कसाबसा म्हणाला, "माझं काय चुकलं?"