ओळख निघाल्याशिवाय दोर नाही

शकूआत्या दोराला हात लावण्याआधी दोर धरणाऱ्याचं आजोळ विचारतात. दोर किती जाड आहे, हुक नीट बसलाय का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. "मामाचं गाव कुठलं तुजं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यातून नातं, निदान लांबची ओळख निघाली की त्या मांडीवर थाप मारतात. "म्हंजे तू घरचाच की!" मग त्या कड्यावरून लोंबकळायलाही तयार असतात.

या शकूआत्या माझ्या कुणीही लागत नाहीत. त्या मला एसटीत मिळाल्या.

चाळिशी आली की माणसांना काहीतरी होतं. मला पाठपिशवी घ्यावीशी वाटली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बेत ठरवला: डिंभे धरणाच्या पाण्यात कयाक चालवायची, जुन्नरला मुक्काम करायचा, मग घाटघरच्या बाजूला एका कड्यावरून दोराने उतरायचं. सगळं एसटीने आणि एकट्याने. हे 'एकट्याने' मी ऑफिसात चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. चहा अर्थातच बिनसाखरेचा, कारण मी साखर सोडली होती आणि तेही सगळ्यांना ऐकवत होतो. पिशवी इतकी मोठी निघाली की एसटीत तिला शेजारची सीट द्यावी लागली.

मंचरच्या अलीकडे पेठ गावाला साठीच्या एक बाई चढल्या. हातात एक कापडी पिशवी. "आज कुठं, मावशी?" कंडक्टरने ओळखीचं हसत विचारलं. "बघू, मंचरला गेल्यावर ठरवू," असं म्हणत त्या माझ्यापाशी थांबल्या. "या पावण्याचं तिकीट काढलंय का?"

मी पिशवी मांडीवर घेतली. त्यानंतर मला समोरचं काही दिसलं नाही, फक्त बाईंचे प्रश्न ऐकू येत होते. माझे आजोबा बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणायचे, एवढं बोलून गेलो आणि सापडलो.

"बेल्ह्याला माजा मावसभाऊ व्हता. बैलांचाच धंदा. म्हंजे तू घरचाच की! मी तुजी आत्या."

बैलांमार्गे जोडलेलं हे नातं मला मान्य करावं लागलं. कुठं चाललोय तेही सांगावं लागलं. "मी बी येते," आत्या म्हणाल्या. "बायांना अर्धं तिकीट झाल्यापासनं मी घरात बसतच न्हाई." माझा एकट्याचा प्रवास असा पेठेतच आटोपला.

मंचरच्या स्टँडवर पाठपिशव्यावालं एक केरळचं जोडपं बसच्या पाट्यांकडे हताशपणे बघत उभं होतं. "आमच्या दवाखान्यातली नर्स केरळची व्हती, लई गुनाची," असं म्हणून आत्यांनी त्यांनाही घरचं करून टाकलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण आत्यांच्या पिशवीतलं धपाटं हातात पडलं तेव्हा ती दोघं मुकाट्याने आमच्यामागे आली. टपरीवर मी बिनसाखरेचा चहा मागितला आणि साखरेचे तोटे सांगायला घेतले. आत्यांनी हात झटकला. "पावण्याला बिनसाखरंचा चहा देत्यात व्हय? घरी आलास की बघते."

डिंभ्याला कयाकवाल्याची मेव्हणी पेठेत दिलेली निघाली. झालं! नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवून आत्या वल्हं मारत पाण्यात शिरल्या. केरळवाले त्यांच्यामागोमाग. मी काठावर थांबलो. सामान सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. आत्या फार आत गेल्या की मी माझी नवीकोरी शिट्टी वाजवायचो. त्या हात हलवायच्या आणि आणखी आत जायच्या.

घोडं अडलं ते दुसऱ्या दिवशी कड्यावर. दोर धरायला होती उत्तराखंडची एक तिशीतली बाई. आत्यांनी आपलं सगळं हिंदी पणाला लावलं. "तेरा गाव किधर? मामा किधर रहता?" गाव हिमालयात, मामा त्याच्याही पलीकडे. पेठ, मंचर, बेल्हे, कुठूनच वाट निघेना. केरळवाले उतरूनही गेले. आत्यांनी हेल्मेट काढलं आणि दगडावर बसल्या. मीही लगेच काढलं.

"तू का काढलंस?"

"तुम्हाला सोबत म्हणून."

त्या हसल्या नाहीत. हेल्मेट मांडीवर फिरवत हळूच म्हणाल्या, "बेल्ह्याला माजं कुनी न्हाई रं. मावसभाऊ न्हाई, काय न्हाई. मालक गेले, पोरगा तीन वर्सं फिरकला न्हाई. दिसभर घरात कुनी हाक मारत न्हाई. एसटीत निदान कुनीतरी 'मावशी' म्हनतं."

एरवी साखरेवर तासभर बोलणारा मी, नुसता शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिलो.

आत्यांनी त्या बाईला शेवटचा प्रश्न विचारला, "तेरेको घर पे कौन है?"

"माँ है, आंटी. दो साल से मिली नहीं."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला, हेल्मेट चढवलं. "तुजी आई तिकडं वाट बघती, मी हिकडं. म्हंजे तू घरचीच की!" आणि गेल्या की खाली! मी सगळ्यांचं सामान घेऊन पायवाटेने उतरलो.

परतताना माझं तिकीट पुण्यापर्यंतचं होतं, पण पेठेला उतरलो. आत्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून कुलूप उघडलं. तोवर शेजारच्या हौसाबाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या.

"ह्यो कोन गं, शके?"

"माजा भाचा."

"भाचा? तुला भाऊ कवा व्हता?"

केरळ आणि पेठ एका दमात जोडणाऱ्या आत्यांनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली. हौसाबाई त्यांना पोरवयापासून ओळखत होत्या. तिथे बैल कामाला येणार नव्हते. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

"मावसभावाचा," मी म्हणालो. "बेल्ह्याचा."

"मग कदी दिसला न्हाईस?"

"मीच यायला कमी पडलो."

हौसाबाईंचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. एवढ्यात चहा आला. त्यात इतकी साखर होती की चमचा जड लागत होता. हौसाबाईंनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "अगं बया! येवढं गोड लागतं व्हय तुज्या भाच्याला?"

आत्या चहाचं भांडं हातात धरून दारात उभ्या होत्या.

"लहानपणापासून," मी म्हणालो आणि कप रिकामा केला.

आत्यांनी न विचारता तो पुन्हा भरला.